रेषेबाहेरचा बाप

महिपती आणि वैजयंतीबाई माढ्याहून सकाळच्या एसटीने आले, तेव्हा दार उघडायला कुणी आलं नाही. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात शिवराज स्टुलावर चढून भिंतीवर एक हिरवा फळा टांगत होता आणि सहा महिन्यांच्या रेवूला खांद्यावर घेऊन ऋतुजा खालून सांगत होती, "डावीकडे एक बोटभर खाली घ्या."

"नातीच्या उष्टावणाला आलोय आमी," चपला काढत वैजयंतीबाई म्हणाल्या. "का मॅच हाय हितं?"

"दोन्ही आहे, आई," ऋतुजा म्हणाली आणि वाकून नमस्कार करता करता रेवूला त्यांच्या हातात दिलं. वैजयंतीबाईंनी सवयीने तिला जरा वर उचललं, खाली आणलं.

"सात किलोला शंभर ग्रॅम कमी," त्या म्हणाल्या.

"सहा किलो नऊशे वीस. काल केलं वजन."

"वीस ग्रॅम तुझे बरोबर."

माढा तालुक्यात तेहतीस वर्षं अंगणवाडी चालवून वैजयंतीबाई मार्चमध्ये निवृत्त झाल्या होत्या. वजनकाट्याच्या झोळीत किती मुलं लटकवली याचा हिशेब त्यांनी ठेवला नव्हता, पण हात विसरले नव्हते.

महिपती पिशवी खाली ठेवून फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. फळ्यावर फुटबॉलचं मैदान पांढऱ्या रेषांनी आखलेलं होतं आणि त्यावर रंगीत लोहचुंबकं चिकटवली होती. प्रत्येकावर एका नावाची चिठ्ठी होती. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघाला शिवराज नऊ वर्षं फुटबॉल शिकवत होता. तो फळा त्याच्या मोटारसायकलला बांधून गावभर फिरायचा हे सगळ्यांना माहीत होतं. घरच्या भिंतीवर तो पहिल्यांदाच आला होता.

"उद्यापासूनचं नियोजन आहे, अप्पा," शिवराज स्टुलावरून उतरला. "ऋतुजाची रजा आज संपली. सव्वीस आठवडे. आता रेवूकडे कुणी कधी बघायचं, ते एका नजरेत कळलं पाहिजे."

"मी हितं मागं एकटीच का?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"तू गोलकीपर, आई."

"म्हंजी काय करायचं?"

"सगळ्यांकडून सुटलं की तू अडवायचं."

वैजयंतीबाईंनी फळ्यावरचं आपलं नाव पुन्हा वाचलं. "मग नवीन काय त्यात?"

"आनि मी?" महिपतींनी विचारलं.

"तुम्ही बचाव. दवाखाना, बाजार, लाइटबिल."

"म्हंजे पोरगी हातात द्यायची न्हाय म्हण की. ती कुटं हाय ह्यात?"

"मधला नारिंगी."

"चेंडू केलास व्हय रं तिचा!"

शिवराज हसला, पण त्याचे कान लाल झाले. वैजयंतीबाई तोवर डोकी मोजत होत्या. तेहतीस वर्षांची ती दुसरी सवय. त्या स्वतः एक. महिपती दोन. ऋतुजा तीन. ऋतुजाचा भाऊ कुंडलिक आणि त्याची बायको पायल, हे शनिवारी मोहोळहून येणार, चार आणि पाच. खालच्या मजल्यावरच्या कमलम्मा अडीनडीला, सहा. आणि नारिंगी रेवू. त्यांनी पुन्हा मोजलं. मग फळ्यावरून नजर काढून सुनेकडे पाहिलं. सून त्यांच्याकडेच पाहत होती.

स्वयंपाकघरात खिरीचं दूध तापत ठेवल्यावर वैजयंतीबाईंनी आवाज खाली घेतला. "कधीपास्नं आखतोय हे?"

"मंगळवारपासून. रोज रात्री."

"त्येचं सवताचं नाव न्हाय त्यात."

"नाही."

"आनि तू बोलली न्हाईस?"

"मला बघायचं होतं, त्यांच्या त्यांच्या लक्षात कधी येतंय ते." ऋतुजाने गॅस बारीक केला. "मुद्दाम बोट दाखवलं तर ते नाव लगेच लावतील. मग कळणार कसं?"

"मुदत किती दिलीस?"

"उद्या सकाळी साडेआठ."

वैजयंतीबाईंनी पदराने हसू पुसलं. "सोमवारपतूर, एवढीच? माझा हाच प्रयोग सदतीस वर्षं चालू हाय. तुमच्या अप्पांना अजून चहाचा डबा कुटला ते दिसलेलं न्हाय."

ऋतुजा हसली. पण तिची नजर घड्याळाकडे गेली हे वैजयंतीबाईंनी टिपलं. टॉवेलच्या एका कारखान्यात ऋतुजा कापडाच्या रंगाचा पक्केपणा तपासायच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिच्या हाताखालचा प्रभु सहा महिने तिच्या खुर्चीत बसून काम बघत होता, आणि चांगलं बघत होता. मालकांनी शुक्रवारी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, सोमवारी आलात तर खुर्ची तुमची, नाही तर आम्ही प्रभूलाच पक्कं करतो, तुम्ही निवांत बाळ सांभाळा. तो 'निवांत' शब्द ऋतुजाने सासूला दोनदा सांगितला होता.

"जाशील तू," वैजयंतीबाई म्हणाल्या. "दूध वर आलं बघ."

*

शिवराजला आपलं नाव फळ्यावर नाही हे खरोखरच जाणवलं नव्हतं. कोचचं चुंबक नसतंच. नऊ वर्षं तो रेषेच्या बाहेर उभा राहून आत कुणी कुठे असावं ते ठरवत आला होता. आणि चांगल्या कोचची खूण एकच, असं तो मुलींना सांगायचा. तो एक दिवस आला नाही तरी खेळ बिघडत नाही.

तो एक दिवस एकवीस दिवसांचा होणार होता, हे मात्र त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मंगळवारी दुपारी विद्यापीठातून पत्र आलं होतं. विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. गुरुवारपासून दोन आठवडे सोलापुरातच शिबिर, मग एक आठवडा बाहेर स्पर्धा. पत्र वाचून तो मैदानाला एकटाच दोन चकरा पळाला होता. त्याच संध्याकाळी तो घरी येऊन सांगणार होता. घरात शिरला तर ऋतुजा एका हाताने रेवूला थोपटत दुसऱ्या हाताने सहा महिन्यांत बदललेल्या तपासणीच्या पद्धती वाचत बसली होती, आणि तिचा चेहरा इतका आनंदी होता की शिवराज म्हणाला, "चहा टाकू?" मग त्याने फळा काढला. नियोजन असं पक्कं करायचं की आपली उणीव कुठेच भासू नये, आणि मग सांगायचं. खीर झाल्यावर. सगळे गोड तोंडाचे असताना.

"दाजी!" कुंडलिक दारातूनच ओरडला. मोहोळला हमरस्त्यावर त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळे तो नेहमी मोटार चालू असल्यासारखा मोठ्याने बोलायचा. "पायलला ताप हाय, तिला घरीच ठिवलंय. पर चांदीची वाटी आनलीया. मामा हाय म्हटल्यावर मान माझा."

"हळू बोल, रेवू दचकते."

"दचकू द्या की. मोहोळची सवय नको का व्हायला?" तो फळ्याकडे गेला, वाकून चिठ्ठ्या वाचल्या. "मी पुढं? स्ट्रायकर? बघा की ताई, दाजींनी माझी किंमत वळखली."

"शनिवारी डायपर आणायचं काम आहे ते," ऋतुजा आतून म्हणाली.

"मग असं सांगा की. उगं पुढं उभं केलं मला."

पाट मांडला. कुंडलिक मांडी घालून बसला आणि रेवूला त्याच्या मांडीवर दिलं. तिच्या कुंच्याची नाडी तिने आधीच तोंडात घातली होती. चांदीच्या वाटीत खीर आली. कुंडलिकने बोटातली सोन्याची अंगठी काढून वैजयंतीबाईंकडे दिली, त्यांनी ती उकळत्या पाण्यातून काढून पुसून परत दिली.

"सोनं बी धुत्यात व्हय?"

"सोनं न्हाय, मोटारीचं ग्रीस धुतलं."

"वाटी भरून चारा की," महिपती पुढे सरकले. "आमच्या शिवाला त्येच्या मामानं पळीभर चारली व्हती."

"एक ठिपका," ऋतुजा म्हणाली.

"एक ठिपका," वैजयंतीबाई म्हणाल्या. "सा महिन्यानं वरचं अन्न, पातळ, घोटलेलं, थोडं थोडं. माझ्याच अंगणवाडीच्या भिंतीवर लिवलेलं हाय, तुमी रोज तितंच सायकल लावायचा."

सासू-सून एकीकडे गेल्या की महिपती वाद घालत नसत. कुंडलिकने अंगठी खिरीत बुडवून रेवूच्या ओठांना लावली. रेवूने तोंड मिटलं, विचार केला, मग जिभेने तो ठिपका बाहेर ढकलून मामाच्या पायजम्यावर पाडला. सगळे हसले. शिवराजने फोटो काढला, फोन खाली घेतला, घसा साफ केला. "बरं का, एक सांगायचं होतं..."

तेवढ्यात बेल वाजली.

दारात जोया होती, कॉलेजच्या संघाची कप्तान. अंगात सरावाची जर्सी, हातात पेढ्यांचा पुडा. घामाने भिजलेल्या केसांतून ती इतकं हसत होती की तिला आत ये म्हणायच्या आधीच ती आत आली.

"सर! लिस्ट लागली! मी हाय, आपल्या अजून तीन पोरी हायत, आनि कोच म्हनून तुमचं नाव! गुरुवारपासनं एकवीस दिवस! मॅडम, तोंड गोड करा की. सरांनी सांगितलंच असेल म्हना."

पेढ्याचा पुडा उघडा होऊन सगळ्यांसमोरून फिरला. कुणी हात पुढे केला नाही. रेवूने केला.

*

ऋतुजाने आधी एक पेढा उचलला. जोयाची यात काही चूक नव्हती. "अभिनंदन, जोया. बस. खीर घे." मग ती शिवराजकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज रविवार आहे."

"उष्टावणाच्या गडबडीत तुम्हाला, म्हणजे सगळ्यांना..."

"शिवा, तू मंगळवारी रात्रीच फळा आखायला घेतलास."

लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि सासू-सासऱ्यांसमोर ऋतुजाच्या तोंडून नवऱ्याला 'तू' आजवर निघालं नव्हतं. महिपती वाटीतल्या खिरीत काहीतरी शोधू लागले.

ऋतुजाला स्वतःला आश्चर्य वाटत होतं की तिला शिबिराचा राग आलेला नाही. मंगळवारी सांगितलं असतं तर तिनेच पहिल्यांदा टाळी वाजवली असती. तिच्या कामात कापडाचा तुकडा साबणाच्या पाण्यात, घामासारख्या द्रावणात, उन्हाच्या दिव्याखाली ठेवून बघायचा असतो. रंग उतरतो त्याचं तिला वाईट वाटत नसे. न तपासता पक्का म्हणून शिक्का मारून पाठवलेल्या मालाचं वाटे.

"तीन आठवड्यांचाच तर प्रश्न हाय," महिपती हळूच म्हणाले. "रजा वाढवून घे की, पोरी."

"व्हय ताई," कुंडलिक म्हणाला. "दाजींना नऊ वर्सांनी चान्स आलाय. असा पुन्हा येतोय व्हय?"

"तू माझ्याकडचा ना रे?"

"तुझ्याकडचाच हाय. पर फुटबॉल बी..."

"मग तू ये. मामा आहेस. दुकानाला तीन आठवडे कुलूप लाव."

"आत्ता? रब्बीचं पानी चालू झालंय, ताई. सीझन हाय माझा."

"माझाही आहे. उद्या मी गेले नाही तर ती खुर्ची प्रभूची. मला त्याचा रागही येणार नाही, तो चांगला आहे. म्हणून तर जायचंय."

कुंडलिकने मान खाली घातली आणि पायजम्यावरचा डाग खरवडू लागला.

"पण कुणी रजा वाढवायची गरजच नाही," शिवराज फळ्याकडे सरकला. तिथे त्याचा आवाज नेहमीच जरा सुधारायचा. "हेच तर मी आखलंय. मी नसलो तरी चालेल असं. आई आहे की तीन आठवडे."

"आई न्हाय," वैजयंतीबाई म्हणाल्या.

शिवराजचा हात चुंबकावर तसाच राहिला.

"मला बी बोलावणं आलंय. पुढच्या सोमवारपास्नं पंधरा दिस. तालुक्यात नव्या सेविका भरल्यात, त्यांना शिकवायला जुन्यातली मी एकटी निवडली. हा आठवडा हाय मी हितं. पुढं न्हाय."

"मला बोलली न्हाईस!" महिपती म्हणाले.

"पत्र टीव्हीवर ठिवलंय. धा दिस झालं. तुमी त्येच्यावर चष्मा ठिवताय रोज."

कुंडलिकला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात बदललं.

"पण आई, मी तुला गोलमध्ये..." शिवराज बोलता बोलता थांबला.

"इचारलंस का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू इचारलं असतंस तर मी कदाचित ते पत्र बाजूला बी ठिवलं असतं. म्हनून बरं झालं न्हाय इचारलंस ते." त्या उठल्या आणि फळ्यासमोर गेल्या. "सात जनं हायत ह्यात. खाली राहणारी कमलम्मा बी हाय. रेवूचा बाप कुटं हाय?"

शिवराजने फळ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याने तो नीट पाहिला. गोलपासून गोलपर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली.

"कोचचं चुंबक नसतं," तो म्हणाला. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

ऋतुजाला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते आणि तो तिला एकदम कॉलेजातल्या मुलासारखा दिसला. तिला त्याला पेढा द्यावासा वाटला, आणि तो न देण्याचं तिने ठरवलं.

जोया पुडा मिटून पाय न वाजवता दाराकडे निघाली होती.

"थांब गं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "शिबिरात दिवसभर काय करत्यात?"

"आजी, सकाळी सा ते नऊ प्रॅक्टिस. मग नाष्टा, आंघोळ. मग जेवन, आराम. पुन्हा चार ते सा."

"नऊ ते चार काय न्हाय?"

"मागच्या वर्सी तर न्हवतं."

"आनि कोच काय करतो तवा?"

जोयाने सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. "जुन्या मॅचचे व्हिडिओ बघतात." ती प्रामाणिक मुलगी होती. "मागच्या वर्सीचे सर तर डोळे मिटून बघायचे."

"प्रशिक्षकाने शिबिरातच मुक्काम करायचा असतो," शिवराज घाईने म्हणाला. "मुलींची जबाबदारी असते."

"पर सर, पोरींच्या होस्टेलला मॅनेजर मॅडम राहतात की. तुमाला तर वॉचमन गेटच्या आत बी सोडत न्हाई."

आता कुंडलिकला खोकला जमला नाही. महिपतीही हसले. ऋतुजा हसली नाही, कारण शिवराज हसत नव्हता.

"मला माहीत आहे ते," तो तिला म्हणाला. फक्त तिलाच, जणू बाकीचे नव्हतेच. "मधल्या वेळात येता येईल, मला माहीत आहे. पण विचारावं लागेल. नऊ वर्षांनी पहिल्यांदा बोलावलंय त्यांनी. आणि मी पहिलंच वाक्य काय बोलू? मला मुलगी सांभाळायला घरी जायचंय?"

"हो."

"ते दुसऱ्याला घेतील."

"घेतीलही." ऋतुजाने रेवूला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "आठ महिन्यांपूर्वी मीही मालकांसमोर उभी राहून पहिलंच वाक्य असं बोलले होते. मला बाळासाठी घरी जायचंय. तेव्हा तू बाहेर मोटारसायकलवर बसून होतास. मी बाहेर आल्यावर म्हणालास, झालं ना, त्यात काय एवढं."

शिवराजला ते आठवलं. आठवल्याचं त्याने लपवलं नाही.

"पोर सांभाळनं म्हंजे वसरीत वासरू बांधल्यागत न्हाय," महिपती अचानक म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे, मी काय म्हनतो. त्यो जर नऊ-साडेनऊला घरी आला आनि साडेतीनला गेला, तर सकाळचा तासभर आनि सांजचं दोन-अडीच तास, एवढंच उरतंय. ऊस तोडायला अजून महिना हाय. मी राहतो की हितं."

"तुमी?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

"वासरं सांभाळल्यात की जल्मभर."

"वासरू पयल्या दिशी उभं राहतंय. हिला अजून बसता येईना."

"मग शिकीव. तू शिकवतीसच की आता सगळ्या तालुक्याला."

सदतीस वर्षांत महिपतींनी बायकोला काही शिकव म्हटल्याची ही पहिली वेळ असावी. वैजयंतीबाईंनी नवऱ्याच्या हातातली रिकामी वाटी काढून घेतली.

"बाहेरगावच्या आठवड्याचं काय?" शिवराजने विचारलं.

"त्याचं भांडण त्या आठवड्यात करू," ऋतुजा म्हणाली. "आधी या दोन आठवड्यांचं संपवू."

"आधी दोन तासांचं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "नवी सेविका आली की मी तिला पयल्या दिशी रजिस्टर देत न्हाय. इस पोरं तिच्या हवाली करते, आनि भाईर लिंबाखाली जाऊन बसते. आत काय बी होऊ दे, उठत न्हाय. दोन तासांनी आत जायचं. मग रजिस्टर." त्यांनी पदर खोचला. "चला. उठा सगळी. जोया, तू बी."

"आत्ता?" शिवराज म्हणाला.

ऋतुजाने रेवूला त्याच्याकडे दिलं. "दूध फ्रिजमध्ये आहे, दुसऱ्या कप्प्यात. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट कर, गॅसवर थेट नको. नव्वद मिली. फोन करू नकोस."

"आणि रडली तर?"

"रडेल," ती म्हणाली.

*

खाली कडुलिंब नव्हता. कुंडलिकची पिकअप होती. महिपती आणि कुंडलिक मागच्या फाळक्यावर बसले. जोया फुटपाथच्या कडेवर उभी राहून पायावर एक खडा उडवत होती. वैजयंतीबाईंनी ड्रायव्हरच्या सीटवर बैठक मारली आणि दार उघडं ठेवलं. ऋतुजा बॉनेटला टेकून उभी होती.

पंधरा मिनिटं काही झालं नाही. कुंडलिकने मोटारीच्या बेअरिंगबद्दल महिपतींना बरंच सांगितलं.

मग तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. आधी कुरकुर, मग सरळ रडणं.

"भूक," महिपती म्हणाले.

"झोप," वैजयंतीबाई म्हणाल्या.

रडणं वाढलं. वरच्या गॅलरीचं दार लागल्याचा आवाज झाला, तरी ऐकू येत होतं. कुंडलिक उठून उभा राहिला. "ताई, जाऊ का मी? नुसतं बघून येतो."

"बस खाली."

"मामा हाय मी तिचा."

"मी आई आहे. बस."

वैजयंतीबाई सुनेकडे बघत होत्या. ऋतुजाने दोन्ही हात बॉनेटवर पसरून ठेवले होते, पत्रा तापला असूनही. आणि तिच्या फिकट निळ्या कुडत्यावर पुढे दोन ओले डाग हळूहळू पसरत होते. तिने ते पाहिले होते. ओढणी वर घरातच राहिली होती. हात उचलला तर आपण जिन्याकडे पळू, अशी भीती वाटत असल्यासारखी ती हात न हलवता उभी होती.

वैजयंतीबाई सीटवरून उतरल्या. येऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या, फाळक्यावर बसलेल्या पुरुषांकडे पाठ करून, आणि स्वतःच्या खांद्यावरचा पदर मोकळा करून त्याचं टोक तिच्या हातात दिलं.

"शिवा झाला तवा," त्या हळू म्हणाल्या, "मी चौथ्या महिन्यात कामावर रुजू झाले. अंगणवाडी घराच्या मागंच व्हती. तो रडायचा ते इस पोरांच्या आवाजात बी मला कळायचं. रोज अशीच भिजायची. कुनाला सांगितलं न्हाय."

"मग काय करायचात?"

"काय करणार? अ आ इ ई जोरात म्हनायची."

ऋतुजाला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि तिने दोन्ही पदराने पुसलं.

रडणं सुरू होऊन अठरा मिनिटं झाली. एकदा रडणं थांबलं आणि सगळ्यांनी वर पाहिलं. मग पुन्हा सुरू झालं. तेविसाव्या मिनिटाला थांबलं ते थांबलंच. जोयाने खडा नाल्यात उडवला आणि पहिल्यांदाच कुंडलिक हळू आवाजात म्हणाला, "दाजी बी झोपले काय?"

"अजून सव्वा तास हाय," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि परत सीटवर जाऊन बसल्या.

*

दोन तासांनी ऋतुजा एकटीच आधी वर गेली. बाकीचे जिन्यात मुद्दाम रेंगाळले.

घरात पेढ्याचा, दुधाचा आणि आणखी कसलातरी वास होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार भांडी होती आणि चारांतही पाणी होतं. दिवाणखान्याच्या मधोमध शिवराज बनियनवर चालत होता. शर्ट बादलीत होता. रेवू त्याच्या उजव्या हातावर पालथी झोपवलेली होती, हातपाय दोन्ही बाजूंना सोडून, आणि तिचे डोळे अर्धे मिटले होते. तो खिडकीपर्यंत जायचा, वळायचा, दारापर्यंत यायचा. कुठे थांबत नव्हता.

"एकदा झोपली होती," तो ओठांनी म्हणाला. "मी बसलो. बसलेलं कळतं तिला."

"कळतं."

"दूध साठ मिली घेतलं. तीस सांडलं. माझ्यावर." तो खिडकीकडे गेला आणि परत आला. "विद्यापीठातल्या सरांना मेसेज केला. नऊ ते साडेतीन घरी लागेन, मुलगी लहान आहे, असं. लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग ही रडायला लागली, आणि बोट लागून तो गेलाच."

"काय म्हणाले?"

"बोलतो म्हणाले. बहुतेक नाहीच..."

सोफ्यावरचा फोन वाजला. रेवूचे डोळे उघडले. शिवराज जागच्या जागी डुलू लागला. पडद्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं नाव दिसत होतं. त्याने फोनकडे पाहिलं, मग ऋतुजाकडे. तिने दोन्ही हात पुढे केले. दे तिला, घे फोन.

त्याने मान हलवली. नाही. रेवूच्या पापण्या पुन्हा जड होत होत्या. आत्ता हात बदलला की सगळं पहिल्यापासून, हे त्याला आता माहीत होतं.

फोन वाजत राहिला. ऋतुजाने तो उचलला, गॅलरीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं.

"नमस्कार. मी त्यांची पत्नी बोलतेय. ते कामात आहेत."

पलीकडचा आवाज जरा त्रासलेला होता. संघाचे कागद आजच पाठवायचे आहेत, त्या वेळेबद्दल थेट त्यांच्याशीच बोलायला हवं, फार तर पाच मिनिटं. कसल्या कामात आहेत?

"मुलीला झोपवतायत."

पलीकडचा आवाज बदलला. नक्की कसा, ते ऋतुजाला सांगता आलं नसतं. किती वेळ लागेल, मॅडम?

तिने काचेतून आत पाहिलं. तो खिडकीपाशी आला होता आणि वळत होता. त्याच्या हातावरून खाली लोंबणारा एक छोटा पाय अजून हलत होता.

"ते तिच्यावर आहे, सर," ऋतुजा म्हणाली.